तीन जोड हातमोजे

सगळं शहर तिला ताई म्हणायचं. दूधवाला म्हणायचा, पोलीस म्हणायचे, तिच्या गाण्यांच्या जिवावर बंगले बांधलेले निर्मातेही म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले एक मंत्री एकदा भर सभेत तिला ताई म्हणाले, तेव्हा तिने माइकवरूनच त्यांचं वय विचारलं होतं. पण जिची ती खरोखरची ताई होती, एका आईच्या पोटची, ती बहीण शहराला ठाऊकच नव्हती. कारण ती प्रॉम्प्टर होती. नाटक चालू असताना विंगेत पडद्याआड संहिता धरून उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचं पुरवायचं, हे तिचं काम. नाट्यगृहात तिला सगळे धाकटी म्हणत. वय अठ्ठावन्न झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली धाकटीच.

वाईट प्रॉम्प्टर अख्खं वाक्य फेकतो आणि ते नटाच्या आधी तिसऱ्या रांगेला ऐकू जातं. बरा असेल तो पहिला शब्द देतो. धाकटी नुसता श्वास घ्यायची. नट अडला की विंगेतून एक लांब, भरलेला श्वास यायचा. तो ऐकून नटाचीही छाती आपोआप भरायची आणि वाक्य निघून यायचं. त्यानेही भागलं नाही तरच ती शब्द द्यायची, तोही असा सपाट की ज्याच्यासाठी आहे त्याच्याच कानात शिरावा आणि त्याला वाटावं, आपल्यालाच आठवलं. चाळीस वर्षं हेच केल्यावर माणसाला खोड लागणारच. समोरचा कुणीही बोलता बोलता अडला की हिचं तोंड सुरू. मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात नोंदणी कचेरीतले साहेब ऐन वेळी अडखळले, तेव्हा हिने मागून "तुम्हाला हे मान्य आहे का" एवढं पुरवलं. साहेबांनी ते जसंच्या तसं म्हटलं, आणि नवरा मुलगा हिच्याकडे बघून "हो" म्हणाला. ताई ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "जित्याची खोड, दुसरं काय."

ताईच्या स्वतःच्या खोडी काही कमी नव्हत्या. आई ज्या बेकरीत कामाला होती तिथे पिठाच्या पोत्यावर बसून गाणारी ही पोर सतराव्या वर्षी रंगमंचावर आली, विसाव्या वर्षी सिनेमात गेली, आणि तिथे तिने गायलेल्या एका अंगाईवर निम्म्या शहराची पोरं झोपून मोठी झाली. एवढं मिळाल्यावर दुसरी कुणी गप्प बसली असती. हिने पहिलं भांडण काढलं ते दारावर तिकिटं तपासणाऱ्यांसाठी. त्या माणसांना बसायला साधं स्टूल नव्हतं, सहा-सहा तास उभी असायची बिचारी. ताईने जाहीर केलं की स्टुलं येईपर्यंत मी जमिनीवर बसून गाणार. मागच्या रांगांना ती दिसेना, लोक ओरडायला लागले, आणि चौथ्या प्रयोगाला स्टुलं आली. त्यानंतर तिला चटकच लागली. नर्सेस, रस्ते झाडणारे, खाणीतले, शाळेतल्या शिपाईबाया, जो हाक मारील त्याच्यामागे ही गेली. एकदा राणीच्या वेषातच मोर्चाला गेली आणि पकडली गेली. कपडेपट सांभाळणारे काका तिच्या मागोमाग ठाण्यात गेले, तिच्यासाठी नव्हे, मुकुटासाठी. हवालदाराने तिच्या सामानाच्या यादीत लिहिलं होतं, "मुकुट एक, खोटा." ती यादी चौकटीत बसवून घरी दिवाणखान्यात लावलेली होती, सगळ्या पारितोषिकांच्या वर.

दोन वर्षं निर्मात्यांनी तिला काम दिलं नाही, तेव्हा ती ट्रकवर उभी राहून गायली. घरात संपावरच्या नर्सेस राहायला आल्या, तेव्हा धाकटी जमिनीवर झोपली आणि घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं म्हणत सकाळी नऊ जणींचा चहा केला. कुरकुर केली नाही असा एक दिवस गेला नसेल. पण ताईचं प्रत्येक भाषणही तिनेच पाठ करून घेतलं. कारण ताई कागद हातात धरून कधी बोलत नसे. "कागद वाचणाऱ्याला लोक कागदाएवढंच मोजतात," असं तिचं म्हणणं. प्रयोग असो की सभा, संपल्यावर घरी येताना ती टॅक्सीत एकच प्रश्न विचारायची, "कसं झालं गं?" आणि धाकटीचं उत्तरही चाळीस वर्षं एकच होतं, "बरं झालं. शेवटी घाई केलीस." ते ऐकल्याशिवाय ताई पायातल्या चपला काढत नसे.

सहा महिन्यांपूर्वी, एका नाटकाच्या चारशे बाराव्या प्रयोगात, ताई दुसऱ्या अंकात दिव्याकडे बघत उभी राहिली. वाक्य चारशे अकरा वेळा म्हटलेलं. धाकटीने श्वास दिला. काही नाही. शब्द दिला. काही नाही. अख्खं वाक्य दिलं, तेव्हा कुठे ताई वळली आणि बोलली. प्रेक्षकांना वाटलं, काय ती शांतता घेतली. टाळी पडली. वर्तमानपत्रातल्या एका शहाण्याने त्या शांततेवर अर्धा स्तंभ लिहिला. धाकटीने तो कापून ठेवला नाही. पुढे घरात किल्ल्या सापडेनाशा झाल्या, एकच गोष्ट दुपारी दोनदा सांगून व्हायला लागली, आणि एका संध्याकाळी ताईने आईला चहा नेऊन दे म्हणून सांगितलं. आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

धाकटीने हे कुणाला सांगितलं नाही, ताईला तर नाहीच. शहर जिला डोक्यावर घेतं तिच्याबद्दल ते हळहळायला लागलं, तर ते ताईला मेल्याहून मेल्यासारखं होईल, एवढं तिला कळत होतं. मग तिने आपली विंग घरापर्यंत वाढवली. फोनवर ताई अडली की ही शेजारी उभी, दारात कुणी आलं की ही मागून नाव पुरवायची. तिला वाटत होतं, जमतंय. आणि त्यातच धुलाई-खात्याची सुनावणी आली.

शहराबाहेर कापड रंगवण्याचा कारखाना होता. तिथल्या धुलाई-खात्यात एकशे चाळीस बायका एका पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात हात घालून कापड धूत. त्या पावडरीने त्यांच्या हातांची सालं निघाली होती, नखं गेली होती, काहींना मूठही मिटता येत नव्हती. कारखाना म्हणत होता, पावडर वाईट आहे हे आम्हाला तक्रार आल्यावर कळलं आणि आम्ही लगेच हातमोजे दिले. बायका म्हणत होत्या, खोटं आहे. तक्रारीच्या दोन वर्षं आधीच हातमोजे आले होते, पण फक्त तिघा मुकादमांना. हे कागदावर कुठेच नव्हतं. कारखान्याला आधीपासून ठाऊक होतं असं ठरलं, तर बायकांच्या उपचारांची जबाबदारी कारखान्याची. नाही ठरलं, तर फाइल कायमची बंद. तिघांची समिती, एक दिवस, आणि दोन्ही बाजूंनी बोलायला एकेक माणूस. बायकांनी ताईला निवडलं. त्यांच्यातली वयाने मोठी, जिला सगळ्या मावशी म्हणत, ती रंगपटात येऊन म्हणाली, "आमचं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

ताई लगेच हो म्हणाली. धाकटीने आधी विचारलं, सुनावणी किती वाजता आहे.

तीन आठवडे स्वयंपाकघरात तालीम चालली. टेबलापलीकडे तीन खुर्च्या मांडल्या, मधलीवर किटली ठेवली आणि तिला अध्यक्ष केलं. ताईने बायकांच्या हकिकती ऐकून वीस मिनिटांचं भाषण बांधलं होतं, आणि देवाशपथ सांगते, त्या किटलीला पाझर फुटला असता. सकाळी ताई ते सगळं धडाधडा बोलायची. दुपार कलली की भाषणाला भोकं पडायची; एखाद्या बाईची हकिकत दुसरीला चिकटायची, तारखा गळायच्या. सुनावणी सकाळी अकराला होती, एवढाच काय तो आधार. धाकटी ताईच्या बरोब्बर मागे बसणार होती.

अकराची सुनावणी तीनला सुरू झाली. समितीतले एक सदस्य वेळेवर आलेच नाहीत. जेवणाची सुट्टी झाली, मग आणखी काहीतरी झालं. धाकटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनातल्या मनात भाषण घोळवत राहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. ताई शेजारच्या बाकावर बायकांशी हसतखेळत बोलत होती, आणि दोनच्या सुमाराला तिने मावशीला विचारलं की आज नाटक कोणतं आहे. मावशीला ती थट्टा वाटली.

सुरुवातीलाच अध्यक्ष बाईंनी बजावलं की बोलणाऱ्याखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही, उघडलं तर बाहेर काढीन. निवृत्त न्यायाधीश होत्या त्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. आधी कारखान्याचा मॅनेजर उठला आणि धाकटीच्या बाकापुढेच, समितीकडे तोंड करून उभा राहिला. तो वाईट माणूस नाही हे धाकटीला लगेच कळलं. पाठांतर कच्चं असलेला माणूस होता. वकिलाने लिहून दिलेली वाक्यं तो एकामागून एक उतरवून ठेवत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर सुटल्यासारखा दिसत होता. चाळीस वर्षं नवशिके नट पाहिलेल्या धाकटीला तो आता कुठे अडणार तेही दिसत होतं. तिला त्याची काळजीच वाटायला लागली.

"तक्रार येताच आम्ही तातडीने पावलं उचलली," मॅनेजर म्हणाला. "हातमोजे पहिल्यांदा मागवले ते..."

आणि अडला. वर पंख्याकडे बघितलं. एक क्षण गेला, दुसरा गेला. धाकटीच्या छातीत श्वास आपसूक भरला. त्याचीही छाती भरली, पण वाक्य येईना. आता झालं होतं असं की ताईच्या भाषणात अगदी हेच शब्द होते, "हातमोजे पहिल्यांदा मागवले ते", आणि त्यापुढचं दुपारभर धाकटीच्या जिभेवर बसलेलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ओठ न हलवता, सपाट आवाजात, फक्त त्या एका माणसाच्या कानापुरतं ती पुटपुटली, "दोन वर्षं आधी, तीन जोड, मुकादमांसाठी."

"दोन वर्षं आधी," मॅनेजर म्हणाला, वाक्य सापडल्याच्या आनंदात, "तीन जोड, मुकादमांसाठी."

टंकलेखन करणाऱ्या मुलीची बोटं ते टिपून थांबली. मग कारखान्याचा वकील उठला आणि म्हणाला की मागून कुणीतरी शब्द पुरवले, हे वाक्य नोंदीत धरता येणार नाही. अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कोण बोललं? धाकटी उभी राहिली. तुम्ही कोण, म्हणून विचारल्यावर तिने प्रॉम्प्टर म्हणून सांगितलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी मॅनेजरला विचारलं, तुम्ही म्हणालात ते खरं की खोटं? त्याने वकिलाकडे पाहिलं. शेवटी बाईंनी ठरवलं की बायकांची बाजू ऐकते. त्यात याला धरून तपशील असेल तर पाहू, नाही तर हे वाक्य पुसलं जाईल. आणि प्रॉम्प्टर बाईंनी आता एक शब्द जरी काढला, तरी त्या बाहेर जातील.

धाकटी खाली बसली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. आता ताई उठणार, आणि दुपारचे साडेतीन वाजलेले, आणि आपल्या तोंडाला कुलूप.

ताई उठली. खांद्यावरची शाल सारखी केली आणि समितीसमोर उभी राहिली, ताठ, हनुवटी जराशी वर, शहरातल्या भिंतींवर तीस वर्षं लागत आलेल्या चित्रासारखी. काही बोलली नाही. पत्रकारांनी पेनं उचलली. त्यांना वाटलं, ही तिची ती गाजलेली शांतता. धाकटीने श्वास दिला. पुन्हा दिला. ताईची पाठ हलली नाही. मावशीने धाकटीचा हात धरला, आणि तो खरखरीत तळवा हाताला लागल्यावर धाकटीला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

मग ताई वळली. धाकटीकडे बघून हसली आणि पुन्हा समितीकडे वळून म्हणाली, "बाई, मला आठवत नाहीये. आजचं नाही हे, सहा महिने झाले. माझ्या बहिणीला वाटतं, मला ठाऊक नाही."

तिने मागे न बघता धाकटीकडे हात केला.

"आत्ता तुम्ही जिला दटावलंत ना, ती माझी बहीण. मी आजवर जिथे जिथे बोलले ते सगळं तिला पाठ आहे. या बायकांचं म्हणणं माझ्या विसराळूपणापायी वाया जाऊ देऊ नका. तिला बोलू द्या."

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी बायकांना विचारलं, चालेल का तुम्हाला? मावशीने हात वर केला. तो हात समितीच्या तिघांनी पाहिला, आणि मॅनेजरनेही.

धाकटी पुढे गेली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. भाषण आठवत होतं, शब्द न् शब्द. पण तिने जन्मात कधी ऐकणाऱ्यांची तोंडं समोरून पाहिली नव्हती. विंगेतून दिसतात ते कान, पाठी, घामेजलेल्या माना. इथे शंभर डोळे तिच्याकडे बघत होते. तिने तोंड उघडलं आणि तिचा तो तिसऱ्या रांगेला न जाणारा आवाज घशातच राहिला. सहा महिने ज्या गोष्टीवर तिने पांघरूण घातलं होतं ती ताईने एका वाक्यात उघड्यावर मांडली होती, आणि आता सगळं हिच्यावर येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात तिच्या मागून श्वास आला.

लांब, भरलेला, पोटातून वर चढत गेलेला. तो श्वास सगळ्या शहराला ठाऊक होता. त्या अंगाईच्या ध्वनिमुद्रिकेवर पहिल्या शब्दाच्या आधी तोच ऐकू येतो, आणि घरोघरी पोरं तो ऐकूनच डोळे मिटायची. अध्यक्ष बाईंनी मान वर केली. धाकटीची छाती भरली, आणि ती बोलायला लागली.

हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. कोणत्या बाईने मुकादमांच्या हातात हातमोजे पहिल्यांदा पाहिले, त्या दिवशी कोणत्या रंगाचं कापड हौदात होतं, जुने झाल्यावर ते कुणाकडे गेले, बायकांपैकी कुणी मागितले तेव्हा तिला काय उत्तर मिळालं, हे तिने जशाला तसं सांगितलं. एकदा बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. तिने मोठ्याने सांगितलं. वीस मिनिटांचं भाषण तिने सतरा मिनिटांत संपवलं. अध्यक्ष बाईंनी पुन्हा मॅनेजरकडे पाहून तोच प्रश्न विचारला. वकील त्याच्या कानाशी लागला, पण त्या माणसाने त्याला हाताने दूर केलं.

"खरं आहे," तो म्हणाला. या वेळी त्याला कुणी काही पुरवलं नव्हतं. "मागणीपत्रावर माझी सही आहे. कपाटात असेल."

बाहेर आल्यावर बायकांनी दोघींना गराडा घातला. ताई सगळ्यांशी बोलली, सह्या दिल्या, एका बाईला अंगाईची पहिली ओळ म्हणून दाखवली. ती एक अक्षरही न चुकता आली. पत्रकारांनी तिला आजाराबद्दल विचारलं, तेव्हा तिने त्यांना मावशीसमोर उभं केलं आणि हिचे हात आधी लिहून घ्या म्हणून सांगितलं.

टॅक्सीत बसल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. काचेतून दुकानं बघता बघता तिने हळूच विचारलं की आपण कुठून येतोय. धाकटीने सुनावणीहून म्हणून सांगितलं. ताईने मान हलवली, पण तिला संदर्भ लागला नव्हता, हे दिसत होतं. धाकटीच्या मनात आलं, हिला आता सगळं सांगावं, पहिल्यापासून. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"कसं झालं गं?"

ताई वळून तिच्याकडे बघायला लागली. कपाळावर आठी, ओठ जरासे उघडे. अडलेल्या नटाचा चेहरा. धाकटीच्या छातीत श्वास भरून आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो तसाच आत धरून ठेवला. एक चौक गेला. दुसरा गेला.

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि तिचा हात हातात घेतला. "शेवटी घाई केलीस."